चार मित्र, चार माउंटन बाइक, एक मोटार : साताऱ्याच्या तीन दिवसांच्या सफरीची आखणी

मित्रांबरोबर माउंटन बाइक घेऊन मोटारीने बाहेर पडायचे ठरले की चर्चा पहिल्याच मिनिटाला सायकलींवर येते आणि तिथेच रुतून बसते. कुणाचा फोर्क किती मिलिमीटरचा, कुणी टायर ट्यूबलेस करून घेतले, कुणाची कॅसेट नवी, यावर संध्याकाळच्या संध्याकाळ खर्ची पडते. माझा अनुभव असा आहे की सफर बिघडते ती यांपैकी कशानेही नाही. ती बिघडते मोटार चुकीच्या ठिकाणी उभी केल्यामुळे. आमच्या पहिल्या सफरीत आम्ही मोटार कासच्या तलावाजवळ ठेवून खाली कोयनेच्या जलाशयाकाठच्या बामणोलीला उतरलो, पाण्यावरच्या लाँच पाहिल्या, चहा-भजी झाली, आणि दुपारी एक वाजता चौघांच्याही एकदमच लक्षात आले की मोटारीपर्यंतचा सगळा रस्ता आता चढाचा आहे, डोक्यावर ऊन आहे आणि बाटल्यांत पाणी नाही.

सह्याद्रीची रचनाच अशी आहे की मोटार सहज पोचते ती पठारावर, आणि पाणी, गाव, नदी हे सगळे खाली असते. त्यामुळे निष्काळजीपणे आखलेल्या प्रत्येक दिवसात उतार सकाळी वाट्याला येतो आणि चढ दुपारी. यावर उपाय एकच, तो म्हणजे त्या दिवसाच्या वाटेवरचे सर्वांत खालचे ठिकाण नकाशावर शोधून मोटार तिथे उभी करावी, सकाळच्या गारव्यात चढून घ्यावे आणि थकल्यावर उतरत मोटारीपाशी यावे. पुढील आखणी याच नियमावर बेतलेली आहे. ती पुण्याहून निघणाऱ्या चौघांसाठी असली तरी मुंबई किंवा कोल्हापूरकडून येणाऱ्यांना फक्त पहिला आणि शेवटचा प्रवास बदलावा लागेल.

ठिकाण, हंगाम आणि पायाखालची माती

पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटरवर आहे आणि एवढ्या अंतरात तीन अगदी वेगळ्या प्रकारची जमीन मिळते. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचे पवनचक्क्यांचे पठार आहे, जिथे मुरमाचे रुंद कच्चे रस्ते आहेत. कासच्या पलीकडे कोयनेच्या शिवसागर जलाशयापर्यंत उतरणारा घाट आहे. वाईजवळ धोम धरणाच्या काठाने जाणाऱ्या गाडीवाटा आहेत. या तिन्ही ठिकाणी मुक्काम फारसे न हलवता जाता येते, आणि नवख्यालाही झेपेल अशी वाट प्रत्येक ठिकाणी सापडते.

काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा निवडावा. पावसाळ्यात पठारावर धुके असे उतरते की पुढच्या सायकलचा लाल दिवाही दिसत नाही, आणि घाटात दरडींची भीती असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासला फुलांचा हंगाम असतो, त्यामुळे शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. फुले पाहायची असतील तर वेगळे जावे, सायकली घरी ठेवून. मार्चनंतर ऊन चढते आणि वाळलेल्या गवताला वणवे लागतात. हिवाळ्याची एकच मोठी अडचण म्हणजे ऊस. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की साताऱ्याच्या आणि वाईच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात आणि त्यांतल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो. या कारणासाठी मोटारीचा प्रवासही उजेडातच संपवावा.

मातीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण टायर आणि हवा यांचे सगळे निर्णय तिच्यावर ठरतात. पठारावर जांभा आहे. तो कोरडा असताना चाकाला घट्ट धरतो, पाऊस पडून गेल्यावरही पाणी लवकर निचरून जाते. पण सावलीतल्या दगडावर शेवाळ राहिले असेल तर त्यावर ब्रेक दाबणे म्हणजे जमिनीवर बसण्याची तयारी करणे. जांभ्यावर सुटा मुरूम पसरलेला असतो तिथे वळणावर पुढचे चाक पटकन घसरते. वाईकडे उतरलो की काळी माती लागते. ती कोरडी असेपर्यंत सायकलस्वाराचे लाड करते, मऊ आणि गुळगुळीत असते. मात्र अवकाळी सर आली किंवा शेतकऱ्याने रात्री पाटाचे पाणी सोडले की तीच माती टायरला कणकेसारखी चिकटते, फ्रेम आणि चाक यांमधली फट भरून टाकते आणि वीस-पंचवीस फेऱ्यांत चाक फिरायचे थांबते. अशा वेळी जोर लावून पेडल मारू नये. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, चाकाच्या आऱ्यांत ओढला जाऊन मोडतो. उतरावे, काटकीने चिखल काढावा आणि सायकल उचलून गवतावर न्यावी.

हवेचा दाब यावरूनच ठरवावा. सुमारे ७० किलो वजनाच्या स्वाराने ट्यूब असलेल्या २.२ इंची टायरमध्ये डांबरी रस्त्यासाठी ३५ ते ४० पीएसआय (पंपावर दिसणारे दाबाचे माप) आणि कच्च्या वाटेसाठी २६ ते ३० पीएसआय ठेवल्यास बहुतेक वेळा चांगले जमते. याहून कमी हवा ठेवली तर दगडावर आपटून टायर रिमला टेकतो आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात, जणू सापाने दात लावले आहेत. पेट्रोल पंपावर हवा भरून घेण्याच्या भरवशावर राहू नये. तिथले नोझल सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. मोटारीच्या व्हॉल्व्हसारखा जाड व्हॉल्व्ह असला तरी हवा इतक्या वेगाने जाते की सायकलच्या टायरमध्ये नेमका दाब साधत नाही. दाब दाखवणारा उभा पंप मोटारीत असावा आणि हातपंप पाठीवर.

चार सायकली एका मोटारीवर

चार माणसे आणि चार सायकली हे गणित दिसते तितके सरळ नाही. डिकीवर पट्ट्यांनी बांधायचे जे रॅक आपल्याकडे सर्वसाधारणपणे मिळतात त्यांवर बहुधा तीन सायकली आणि ४५ किलोच्या आसपास वजनाची मर्यादा लिहिलेली असते. मधल्या किमतीची माउंटन बाइक १३ ते १५ किलोंची असते, म्हणजे तिघींनीच ती मर्यादा जवळजवळ भरते. चौथी सायकल रॅकवर कोंबण्याचा मोह आवरावा. तिची दोन्ही चाके काढून, जुन्या चादरीत गुंडाळून ती आतच ठेवावी, आणि त्यासाठी सामान कमी करावे. हे पटत नसेल तर दोन मोटारी घ्याव्यात. दोन मोटारी असल्या की एक वर आणि एक खाली ठेवता येते, हा वेगळा फायदा. पण मग चौघांच्या गप्पा दोन गाड्यांत वाटल्या जातात, आणि माझ्या मते मित्रांच्या सफरीत तो तोटा मोठा आहे.

छपरावरचा रॅक मजबूत असतो, मात्र सायकल छपरावर आहे हे चालकाला लॉजच्या कमानीखाली किंवा तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी नेमके विसरायला होते. तो वापरणार असाल तर स्टिअरिंगवर कागदाची चिठ्ठी चिकटवावी. हसू येईल, पण चिकटवावी.

डिकीवर बांधताना सर्वांत जड सायकल काचेच्या बाजूला, आतल्या जागेवर ठेवावी आणि पुढच्या दोन सायकली एकाआड एक उलट दिशेने लावाव्यात, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. जिथे एका सायकलचे पेडल दुसरीच्या फ्रेमला किंवा डिकीच्या रंगाला टेकते तिथे जुना पायमोजा चढवावा. याहून चांगले साधन मला आजवर सापडलेले नाही. पुढची चाके वाऱ्याने फिरत राहतात आणि हँडल वळवतात, म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून चाक फ्रेमला बांधावे. पट्ट्यांची लोंबती टोके गाठ मारून आत खोचावीत, नाहीतर महामार्गावर ती डिकीवर तासभर चाबकासारखी फटफटतात. नंबरप्लेट, मागचे दिवे आणि इंडिकेटर झाकले जात नाहीत ना, हे एकाने आत बसून दिवे लावावेत आणि दुसऱ्याने दहा पावले मागे जाऊन पाहावे. झाकले जात असतील तर रॅकची उंची बदलावी, कारण पोलिसांनी अडवले तर बाजू आपली नसते आणि मागून कुणी धडकले तर त्याहूनही नसते.

बांधणी कितीही पक्की वाटली तरी पहिल्या दहा किलोमीटरनंतर गाडी थांबवून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण वजनाने आणि धक्क्यांनी ते बसतात आणि सैल होतात. खंबाटकी घाट चढण्यापूर्वी ते आणखी एकदा पाहावेत. वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर नेऊ नये आणि गतिरोधक दिसला की पहिल्या गिअरमध्ये यावे; तीन सायकलींचे वजन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने गतिरोधकावरचा प्रत्येक धक्का दुपटीने बसतो.

चाके काढलेल्या सायकलबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. तिला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्या क्षणी ब्रेकच्या पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. पुठ्ठा नसताना सामान सरकवताना कुणाचा गुडघा ब्रेकच्या लिव्हरवर पडला की पॅड एकमेकांना मिटतात आणि मग ठोसेघरला पोचल्यावर चाक बसत नाही. आम्ही एकदा स्क्रू-ड्रायव्हरने पॅड उघडत अर्धा तास घालवला आहे, आणि पॅडचा कोपरा उडाला तो वेगळाच. सायकल उलटी ठेवली असेल तर निघण्यापूर्वी लिव्हर दहा-बारा वेळा दाबून ब्रेक घट्ट लागतो आहे याची खात्री करून घ्यावी.

पहिला दिवस : चाळकेवाडी

पहाटे पाचला पुणे सोडावे, म्हणजे साताऱ्यात नाश्ता करून नऊच्या आत ठोसेघर गाठता येते. साताऱ्याच्या बोगद्यातून सज्जनगडाकडे जाणारा रस्ता धरावा. उजवीकडे उरमोडी धरणाचे पाणी दिसू लागते आणि पुढे घाट चढून ठोसेघर येते. मोटार इथेच ठेवावी, धबधब्याजवळच्या पार्किंगमध्ये किंवा गावात विचारून. इथून चाळकेवाडीपर्यंत रस्ता आणखी चढतो, त्यामुळे परतीचा भाग उताराचा राहतो आणि आपला नियमही पाळला जातो. तीन तास मोटारीत आखडून बसलेल्या पायांना पहिल्याच दिवशी याहून मोठा चढ देऊ नये.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी केलेले मुरमाचे रस्ते आहेत. माउंटन बाइक नव्याने घेतलेल्याला कच्च्या वाटेची ओळख करून द्यायला याहून सोपी जागा जवळपास नाही, कारण रस्ते रुंद आहेत, चढ-उतार सौम्य आहेत आणि नजर लांबवर जाते. मात्र हे रस्ते देखभालीचे आहेत, आपले नाहीत. सुरक्षारक्षक दिसला तर थांबून, नमस्कार करून, विचारून पुढे जावे आणि त्याने नाही म्हटले तर वाद घालू नये. मुख्य रस्त्यापासून फुटणारा जवळजवळ प्रत्येक फाटा एखाद्या पवनचक्कीच्या पायथ्याशी जाऊन संपतो. त्यामुळे इथे वाट चुकण्याची भीती कमी. फाटे मोजावेत, आणि एकत्र भेटायचे ठिकाण ठरवताना खांबावर रंगवलेला क्रमांक लक्षात ठेवावा. ‘त्या पवनचक्कीपाशी भेटू’ असे म्हणण्याचा अर्थ तिथे गेल्यावर कळतो, कारण चहूकडे पवनचक्क्याच असतात.

पवनचक्क्या इथे उगाच उभारलेल्या नाहीत. दुपारनंतर वारा जोर धरतो आणि आडवा लागला तर हँडल हातात डगमगते. सकाळी वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि वारा पाठीवर घेऊन परतावे. पठाराच्या कडेला, जिथे खाली दरी आहे, तिथे सायकल हातात धरून चालावे. फोटोसाठीसुद्धा कडेला सायकलवर बसू नये.

वीस-पंचवीस किलोमीटर झाले की थांबावे, ठोसेघरला झुणका-भाकर खाऊन सायकली चढवाव्यात आणि चारच्या सुमारास साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, कास ओलांडून, अंधार पडण्यापूर्वी बामणोलीला मुक्कामाला पोचावे. तिथे घरगुती जेवणाची आणि राहण्याची सोय होते, पण ती आधी फोन करून ठरवावी. या भागात मोबाइलला रेंज मिळते आणि जाते, म्हणून नकाशे साताऱ्यातच फोनमध्ये उतरवून घ्यावेत आणि घरी सांगायचे ते सांगून टाकावे.

दुसरा दिवस : बामणोली ते कास आणि परत

सफरीचा गाभा हा दिवस आहे. शिवसागराची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर आहे आणि कासचे पठार सुमारे १,२०० मीटरवर, म्हणजे पंधराएक किलोमीटरमध्ये पाचशे मीटरहून अधिक चढायचे आहे. मोटार बामणोलीतच राहील. उजाडताच निघावे. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण पूर्वेकडच्या डोंगराआडून ऊन खाली यायला बराच वेळ लागतो, आणि चढाचा मोठा भाग सावलीत होऊन जातो.

चढ चढण्याची रीत बोलता-बोलता चढण्याची आहे, म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच जोर लावावा. बोलणे तुटू लागले की गिअर हलका करावा. गिअर बदलायचा तो चढ सुरू होण्यापूर्वी. पायावर पूर्ण जोर असताना बदलला तर चेन कुरकुरते आणि कधी तुटतेही. उभे राहून पेडल मारण्याचा मोह डांबरावर ठीक आहे, पण सुट्या खडीवर वजन पुढे गेले की मागचे चाक नुसते जागीच फिरते. तिथे बसूनच राहावे, कोपर वाकवावे आणि छाती हँडलकडे न्यावी. प्रत्येकाने निदान तीन लिटर पाणी घेऊन निघावे. दर पाऊण तासाने काहीतरी खावे, भूक लागण्याची वाट पाहू नये. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गूळ-शेंगदाणे यांवर माझा बाजारातल्या एनर्जी बारपेक्षा जास्त विश्वास आहे. एका बाटलीत लिंबू, मीठ आणि साखर घालावी.

कासला पोचल्यावर सायकल रस्त्यावरच ठेवावी. हे पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांपैकी एक आहे. जांभ्यावरचा मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नाही, आणि हिवाळ्यात तिथे काहीच नाही असे वाटते तेव्हा पुढच्या वर्षीच्या फुलांची बीजे आणि कंद त्याच थरात निजलेले असतात. जाड गुट्ट्यांच्या टायरने तिथे उमटलेला चर पहिल्या पावसात वाहू लागतो. तलावात सायकली धुणे हाही असाच प्रकार आहे. त्या तलावाचे पाणी सातारकर पितात. बामणोलीसमोरच्या जलाशयापलीकडे कोयना अभयारण्य आहे आणि ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वासोटा किल्ल्याकडे जाणाऱ्या लाँच दिसल्या की सायकल पलीकडे नेता येईल का असा प्रश्न कुणीतरी हमखास विचारतो. त्याचे उत्तर नाही असे आहे. पलीकडे पायी जायलाही वन खात्याची परवानगी लागते.

आता उतार. माउंटन बाइकिंगच्या इतिहासात एका उताराला मोठा मान आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत १९७६ साली जुन्या, जड सायकलींच्या शर्यती सुरू झाल्या, त्या उताराचे नाव ‘रिपॅक’. मागे पेडल मारून लागणारे त्या सायकलींचे ब्रेक एका उतारात इतके तापत की हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते दर वेळी नव्याने भरावे लागे, यावरून ते नाव पडले. आजच्या डिस्क ब्रेकमध्ये ग्रीस नाही, पण उष्णतेचा न्याय तोच आहे. कासहून बामणोलीला उतरताना नवखा स्वार भीतीपोटी दोन्ही ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवतो. डिस्क तापते, पॅडवर चकाकी येते आणि नेमक्या तीव्र वळणाशी लिव्हर हँडलला टेकूनही सायकल थांबत नाही. सरळ भागात ब्रेक जोरात आणि थोडा वेळ दाबावा, वळणात शिरण्यापूर्वी वेग हवा तेवढा उतरवून घ्यावा आणि मग ब्रेक सोडून वळावे. त्या सोडण्यातच डिस्कला वारा लागतो. वजन मागे न्यावे, पेडल जमिनीला समांतर ठेवावेत, आतला पेडल खाली नसावा. नजर पुढच्या चाकाकडे न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवावी. हाताचे तळवे दुखू लागले किंवा ब्रेक करकर वाजू लागले तर थांबावे. पाच मिनिटांनी सायकल काही पळून जात नाही. थांबल्यावर डिस्कला बोट लावून तापली का ते पाहू नये, हेही सांगून ठेवतो, कारण पाहणारा प्रत्येक गटात एक असतोच.

थांबण्याचे मुख्य काम पुढच्या ब्रेकने होते, आणि तो कोणत्या हातात आहे हे माहीत असलेच पाहिजे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींत उजवी लिव्हर पुढच्या चाकाची असते, तर परदेशातून आणलेल्या काही सायकलींत डावी. मित्राची सायकल ‘जरा बघू’ म्हणून उतारावर घेणाऱ्याने आधी सपाटीवर दोन चकरा माराव्यात.

अकरा-बारापर्यंत बामणोलीत परत यावे, जेवावे, तास-दोन तास आडवे व्हावे. तीनला निघाले की उजेडात वाई गाठता येते. साताऱ्याकडून येताना वाईचा फाटा पाचवडला आहे; पुण्याहून येणाऱ्यांच्या ओळखीचा सुरूरचा फाटा त्याच्या पुढे लागतो.

तिसरा दिवस : धोमचा काठ

या दिवशी मोठे काही करू नये. पाय दुखत असतात आणि संध्याकाळी गाडी चालवायची असते. मोटार वाईत ठेवून मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यापाशी आणि घाटावर थोडे थांबावे, तिथून धोम गावातल्या नृसिंह मंदिराकडे जावे आणि मग धरणाच्या काठाने हवे तेवढे पुढे जाऊन परतावे. पाणी ओसरलेले असेल तर काठाने बैलगाड्यांच्या चाकोऱ्या मोकळ्या होतात आणि समोर कमळगड ठेवून तासभर कच्च्यावरून जाता येते. या वाटेवर बाभळीचे काटे फार आहेत. काटा टायरमध्ये दिसला की लगेच उपटू नये. हवा रोखून धरणारा बहुधा तोच असतो. पंक्चर काढायची तयारी झाल्यावरच काढावा आणि नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट हळूच फिरवावे, कारण आत राहिलेले टोक दुसरी ट्यूबही घेते. टायरची बाजूच फाटली असेल तर दुधाच्या रिकाम्या पिशवीची तीन-चार पदरी घडी फाटलेल्या जागी आतून लावून ट्यूब फुगवावी. या घडीवर मी वाईपर्यंत आलो आहे.

काठावरच्या शेतांतून जाताना पीक उभे असेल तर वाट सोडू नये, आणि मेंढपाळांचा वाडा दिसला की उतरून सायकल स्वतःच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरून चालत पुढे जावे. पळणाऱ्या सायकलमागे कुत्रे धावते, चालणाऱ्या माणसाकडे पाहून बहुधा भुंकून थांबते. कड्याखाली किंवा मोठ्या झाडावर आग्या मोहोळ दिसले तर आवाज न करता मागे फिरावे. धूर, अत्तराचा वास आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टी तिथे घातक आहेत.

माणसे, किल्ली आणि हत्यारे

चौघांची ताकद सारखी नसते, आणि ती सारखी आहे असे समजून चालल्यास सर्वांत कच्च्या गड्याचा दिवस वाईट जातो. पुढे जाणाऱ्याने प्रत्येक फाट्यावर थांबावे आणि मागचा दिसेपर्यंत, नुसता दिसेपर्यंत नाही तर त्याने हात वर करेपर्यंत, हलू नये. मागचा पोचला की त्यालाही दोन मिनिटे बसू द्यावे. तो येताच ‘चला’ म्हणून निघणाऱ्या पुढच्याला विश्रांती मिळते आणि दमलेल्याला कधीच मिळत नाही.

हत्यारांची पिशवी आणि प्रथमोपचाराचे सामान सर्वांत मागे असणाऱ्याकडे द्यावे, आणि दुरुस्ती येणाऱ्याने शेवटी राहावे. आमच्यातला जाणकार पुढे निघून गेला आणि मागे चेन तुटली, असे झाल्यावर हा नियम आला. पिशवीत अॅलन चाव्यांचा संच, चेन तोडण्याचे हत्यार, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, दोन ट्यूब, टायर लिव्हर, पॅच, थोडी तार आणि आपापल्या सायकलचा डिरेलर हँगर असावा. हँगर हा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दाम कमकुवत केलेला असतो, म्हणजे सायकल पडल्यावर फ्रेमऐवजी तो वाकतो. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि तालुक्याच्या गावात मिळत नाही. हेल्मेटशिवाय सायकलवर बसणाऱ्याला मोटारीत बसवून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक सर्वांना पाठ असले तरी रेंज नसलेल्या घाटात त्यांचा उपयोग पुढच्या गावापर्यंत जाऊ शकणाऱ्या दुसऱ्या मित्राइतकाच असतो, म्हणून कुणीही एकट्याने वाट बदलू नये.

मोटारीच्या दोन्ही किल्ल्या सफरीवर न्याव्यात आणि वेगवेगळ्या स्वारांकडे द्याव्यात. एकदा आमची एकुलती एक किल्ली ज्या जाकिटात होती ते जाकीट उकाडा वाटला म्हणून मालकाने निघताना मोटारीतच काढून ठेवले, दार आपटून लावले, आणि संध्याकाळी पाचला आम्ही चौघे बंद काचेतून त्या जाकिटाकडे पाहत उभे होतो. दुसरी किल्ली पुण्यात होती. खर्चाचा हिशेब एकाने फोनमध्ये त्या-त्या वेळी लिहावा आणि पेट्रोल, टोल, मुक्काम असे सगळे चौघांत सारखे वाटावे. मात्र मोटारीच्या मालकाकडून पेट्रोलचा वाटा घेऊ नये, असे माझे मत आहे.

परतताना सायकली चिखलासकट रॅकवर चढवू नयेत. वाईतच बादलीभर पाण्याने माती काढावी, पाण्याचा जोरदार फवारा हबवर आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगवर मारू नये. घरी पोचल्यावर कितीही उशीर झाला तरी त्याच रात्री चेन कोरड्या फडक्याने पुसून तिला तेलाचा थेंब द्यावा आणि रॅकचे पट्टे मोकळे करून वाळत टाकावेत. ओले गुंडाळून ठेवले तर पुढच्या वेळी त्यांची बकले गंजलेली निघतात.